तीन हजार खुर्च्या कुणाच्या?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी यजमान क्लबाने किती जागा सोडायच्या, हे नियमाने ठरलेले आहे. किमान ३ हजार. मैदानाची क्षमता ३० हजारांहून कमी असेल तर क्षमतेच्या १० टक्के. त्या तिकिटाला जास्तीत जास्त किती पैसे घ्यायचे, तेही २०१६-१७ च्या हंगामापासून ठरले आहे : ३० पौंड. म्हणजे किती तिकिटे आणि केवढ्याला, या दोन प्रश्नांची उत्तरे लीगने सगळ्यांसाठी एकदाच देऊन टाकली. ती तिकिटे कुणाला द्यायची, हा तिसरा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या क्लबावर सोडला. क्लबांची तिकीट-कार्यालये आपापल्या पद्धतीने तो सोडवतात, आणि बहुतेकांच्या पद्धतीचा गाभा एकच असतो : जो आजवर जास्त सामन्यांना गेला, त्याला आधी. ऐकायला याहून न्याय्य काही वाटत नाही. पण हा एकच नियम वर्षानुवर्षे चालवला की तिकिटाचा वारसाहक्क होतो, असे आमचे मत आहे. स्पर्धा भरवणाऱ्या, मैदाने सांभाळणाऱ्या आणि तिकिटांची व्यवस्था पाहणाऱ्या आमच्या वाचकांपुढे ते नीट मांडायला हवे, कारण आज ना उद्या हाच प्रश्न आपल्याही टेबलावर येणार आहे. २०२२ साली इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्याला केरळ ब्लास्टर्सच्या चाहत्यांनी गोव्यातले फातोर्ड्याचे स्टेडियम पिवळे करून टाकले होते. संघामागे परगावी जाणारा प्रेक्षक भारतातही आहे.

आधी किमतीची गोष्ट, कारण वाटपाचा प्रश्न तिच्याच पोटातून जन्मला. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या वाट्याला आलेल्यांपैकी ९१२ तिकिटे खपली नाहीत, परत गेली. किंमत होती ६२ पौंड. सिटी तेव्हा गतविजेता होता. संघ चालत नव्हता म्हणून लोक आले नाहीत, असे म्हणायला जागा नव्हती. परगावच्या तिकिटाला वीस पौंड पुरेत, अशी मोहीम फुटबॉल सपोर्टर्स फेडरेशनने चालवली. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ॲनफील्डवर लिव्हरपूलचे हजारो चाहते संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले, कारण क्लबाने पुढच्या हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवले होते. ती घरच्या मैदानावरच्या तिकिटांची लढाई होती, पण तिची झळ सगळ्या लीगला लागली. २०१६ पासूनच्या तीन हंगामांत देशांतर्गत प्रक्षेपण हक्कांतूनच लीगला ५ अब्ज पौंडांहून अधिक मिळणार होते, आणि तरीही चाहत्याच्या खिशात हात घालायचा, हे समर्थन करण्याजोगे उरले नाही. मार्च २०१६ मध्ये ३० पौंडांची मर्यादा आली. ती योग्यच होती. मात्र रेशनच्या दुकानात भाव बांधला की कार्ड कुणाच्या नावावर आहे यालाच मोल येते, तसे इथे झाले. ऐपतीच्या जोरावर तिकीट मिळणे कमी झाले आणि क्लबाच्या संगणकात आपल्या नावापुढे किती लॉयल्टी पॉइंट जमा आहेत, यावर सारे येऊन ठेपले. भाव उतरला, आणि पॉइंट हेच नवे चलन झाले.

आता थोडा हिशेब. वीस क्लबांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ १९ सामने बाहेर खेळतो. प्रत्येक ठिकाणी पूर्ण ३ हजार जागा मिळाल्या तर हंगामाला ५७ हजार होतात. लहान मैदानांमुळे प्रत्यक्ष आकडा याहून खाली येतो. ४० हजार सीझन तिकीटधारक असलेला मोठा क्लब समजा. या ५७ हजार जागांतून प्रत्येक धारकाला हंगामात एकदा जाता येईल आणि तरी काही हजार जागा उरतील. किंवा तेच ते ३ हजार लोक सगळीकडे जातील आणि ३७ हजारांना एकदाही जाता येणार नाही. जागा तेवढ्याच, पैसे तेवढेच. या दोन टोकांमध्ये कुठे उभे राहायचे ते वाटपाचा नियम ठरवतो. म्हणून हा नियम म्हणजे कार्यालयाची सोय नसून क्लबाचे धोरण आहे, आणि ते धोरण म्हणून चर्चेला आले पाहिजे.

पॉइंटची पद्धत सर्वसाधारणपणे अशी चालते. गेल्या एक-दोन हंगामांत अमुक इतक्या परगावच्या सामन्यांची तिकिटे घेतलेल्यांना पहिल्या दिवशी खरेदीची मुभा, मग त्याखालच्यांना, मग त्याहून खालच्यांना. मैदान मोठे आणि सामना बिनमहत्त्वाचा असेल तर विक्री खालच्या पायरीपर्यंत झिरपते. पण बोर्नमथच्या मैदानाची क्षमता साडेअकरा हजारही नाही. १० टक्क्यांच्या नियमाने पाहुण्यांच्या वाट्याला अकराशेच्या आसपास जागा येतात. ब्रेंटफर्डला सतराशेच्या. अशा सामन्याला पहिली पायरीच सगळे उचलून नेते. त्या सामन्याचा पॉइंटही मग तिलाच मिळतो, आणि खालच्या पायरीवरच्याचे अंतर, त्याने काही चूक केलेली नसताना, आणखी वाढते. पॉइंट असल्याशिवाय तिकीट नाही आणि तिकीट मिळाल्याशिवाय पॉइंट नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, जो आता कुठे स्वतःच्या कमाईतून प्रवास करू लागला आहे, त्याला ही साखळी कुठून पकडायची ते सापडत नाही. घरातल्या मोठ्यांचे खाते वापरत राहणे एवढीच वाट त्याच्यापुढे उरते.

याच वाटेने पद्धत आतून पोखरली जाते. पॉइंट खरेदीवर मिळत असेल तर सामन्याला न जाताही तिकीट घ्यायचे, ओळखीच्याला द्यायचे आणि पॉइंट आपल्या नावावर ठेवायचा, हे शहाणपणाचे ठरते. असे करणारा काळाबाजारी नसतो. त्याने भावाला, शेजाऱ्याला, बरोबर काम करणाऱ्याला तिकीट मूळ किमतीत दिलेले असते. तरीही रांगेतली जागा त्याने अडवून ठेवलेली असते. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम १६६ नुसार फुटबॉलचे तिकीट विनापरवाना विकणे गुन्हा आहे. त्या कायद्याचे लक्ष सुव्यवस्थेवर होते : एका संघाचा चाहता दुसऱ्याच्या स्टँडमध्ये जाऊन बसू नये. रांगेतल्या न्यायासाठी तो केलेला नाही आणि त्याने तो मिळतही नाही. म्हणून आता काही क्लब निवडक खरेदीदारांना सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर ओळखपत्र दाखवून तिकीट घ्यायला लावतात. जाच वाटतो, पण दिशा बरोबर आहे. पॉइंट खरेदीला नको, हजेरीला हवा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप निष्ठेचा आहे, आणि तो हलक्यात घेऊ नये. न्यूकॅसल ते बोर्नमथ हे अंतर रस्त्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटर आहे. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी सामने शनिवार दुपारवरून सोमवार रात्रीवर ढकलले जातात, परतीची शेवटची गाडी चुकते, दुसऱ्या दिवशीची रजा जाते. संघ हरत असताना, पावसात, अर्ध्या रिकाम्या स्टँडमध्ये जे उभे राहिले, त्यांना संघ अंतिम फेरीत गेल्यावर ‘चिठ्ठी टाका, नशीब बघा’ म्हणणे अन्यायाचे होईल. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. त्यामुळे पॉइंट मोडीत काढा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की निष्ठेला दोन काळ असतात. एकाने ती दाखवलेली आहे. दुसऱ्याला दाखवायची आहे आणि संधी नाही. दुसऱ्याचा दावा पहिल्यापेक्षा लहान असेल, शून्य नाही. पॉइंटची शिडी त्याला शून्य धरते.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक सामन्याच्या तिकिटांतला निदान चौथा हिस्सा सोडतीसाठी बाजूला ठेवावा. ३ हजारांत साडेसातशे, अकराशेत पावणेतीनशे. सोडतीत भाग घ्यायला क्लबाचे सदस्यत्व आणि घरच्या मैदानावरची काही हजेरी आवश्यक असावी, म्हणजे केवळ मोठा सामना बघून आलेला त्यात शिरणार नाही. ज्याचे नाव निघाले नाही त्याची पुढच्या वेळी एक चिठ्ठी वाढावी. निघाले की पुन्हा एकीपासून सुरुवात. आणि जुने पॉइंट कायमचे साठून राहू नयेत, शेवटच्या तीन हंगामांचेच मोजावेत. म्हणजे आजारपणामुळे किंवा नोकरी गेल्यामुळे वर्षभर खंड पडलेला माणूस जन्मभरासाठी मागे पडणार नाही आणि दहा वर्षांपूर्वीच्या हजेरीवर कुणी आज पुढे राहणार नाही.

यात कुणाचे तरी नुकसान होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. ते सर्वांत वरच्यांचे होणार नाही. जो जवळपास प्रत्येक सामन्याला जातो त्याला उरलेल्या तीन चतुर्थांशात जागा मिळेलच. फटका बसेल तो मधल्या थराला. हंगामात आठ-दहा सामने बघणारा, ज्याला आतापर्यंत बोर्नमथसारखे सामने सोडता बाकीचे बहुतेक मिळत होते, त्याला दोन-तीन कमी मिळतील. हा माणूस क्लबाचा कणा आहे आणि त्याची नाराजी खरी असेल. त्याला सोडतीत सुरुवातीपासूनच दोन चिठ्ठ्या द्याव्यात, असे आम्हाला वाटते. तरीही काही उणे राहीलच. ते स्वीकारावे, कारण त्याचा तोटा दोन-तीन सामन्यांचा आहे आणि बाहेरच्याचा आजवरचा तोटा एकोणीस सामन्यांचा आहे.

दुसरा आक्षेप वातावरणाचा. परगावच्या स्टँडमधला आवाज हा एकमेकांना ओळखणाऱ्या, वर्षानुवर्षे शेजारी उभे राहणाऱ्या लोकांचा असतो. अनोळखी माणसे आणून बसवली की गाणी थांबतील, असे म्हणतात. चौथ्या हिश्श्याने असे होईल असे वाटत नाही. उलट त्या गाण्यांना पुढे कुणीतरी उचलणारा लागतो, आणि तो त्या स्टँडमध्ये उभा राहिल्याशिवाय ती शिकत नाही. तिसरा मार्ग सोपेपणाचा : ठरलेल्या वेळी विक्री उघडा, जो आधी येईल त्याला द्या. हा आम्हाला सर्वांत अन्यायाचा वाटतो. सकाळी दहाला खुर्चीत बसून पडद्याकडे बघता येणारा जिंकतो. बसचालक, परिचारिका, कारखान्यातल्या पाळीवरचा कामगार हरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटे खुली झाली तेव्हा काय झाले, ते आपण पाहिले आहे. जुलै २०२५ पासून रेल्वेला तत्काळ आरक्षणासाठी आधार पडताळणी सक्तीची करावी लागली, तीही अशाच शर्यतीपायी. याउलट म्हाडाच्या सोडतीत लाखो अर्जदारांपैकी मोजक्यांनाच घर मिळते, तरी बाकीचे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतात. पात्रता आधी तपासलेली असते, प्रवर्ग जाहीर असतात, निकाल सर्वांसमोर लागतो. नाव न निघालेल्याला ते का निघाले नाही हे ठाऊक असते.

चौथी अडचण व्यवहारातली आहे आणि ती आक्षेपापेक्षा अधिक काळजीची. तिकीट नावाला बांधले की अडलेल्या माणसाचे काय? मूल तापाने फणफणले, कामावरून बोलावणे आले, तर ३० पौंडही जायचे आणि गैरहजेरीचा ठपकाही यायचा. कडक नियमांना सैल दार हवे. सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तिकीट क्लबाला परत करता यावे, पैसे मिळावेत, ठपका लागू नये आणि ते तिकीट सोडतीच्या प्रतीक्षायादीत पुढच्याला जावे. पॉइंट जो गेला त्याला. ही सोय नसेल तर ओळखपत्राची सक्ती करू नये, कारण तेव्हा ती प्रामाणिक माणसालाच पकडते.

मुंबई-पुण्यात इंग्लिश क्लबांची मान्यताप्राप्त चाहता-मंडळे आहेत, आणि त्यांचे सदस्य मध्यरात्री जागून सामने बघतात. त्यांनाही परगावच्या तिकिटांचा राखीव वाटा द्यावा काय? आमचे उत्तर, मराठी वाचकाला कटू वाटले तरी, नाही असे आहे. घरच्या मैदानावरच्या हजारो जागांत त्यांच्यासाठी वाट काढता येते. तीन हजारांत राखीव गट वाढवत नेले तर सोडतीला काही उरणार नाही. सोडतीत त्यांचे नाव मात्र इतर सदस्यांसारखेच असावे.

आणि हे सारे ज्यावर उभे आहे, ते म्हणजे उघडा हिशेब. प्रत्येक सामन्यानंतर क्लबाने एक पान प्रसिद्ध करावे : एकूण तिकिटे किती आली, पॉइंटवर किती गेली, शेवटचे तिकीट किती पॉइंटला मिळाले, सोडतीत अर्ज किती होते, परत किती आली, किती जण आलेच नाहीत. या पानावर सर्वांत वर एक रकाना हवा, खेळाडूंचे कुटुंबीय, प्रायोजक, पदाधिकारी आणि पाहुणे यांच्यासाठी विक्रीआधीच काढून ठेवलेल्या तिकिटांचा. आपल्याकडे २०११ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला तेव्हा सुमारे ३३ हजार जागांपैकी सर्वसामान्यांसाठी ४ हजारांच्या आसपासच तिकिटे विक्रीला आली होती. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद आणि इतर वाटेकऱ्यांत आधीच गेली होती. त्या चार हजारांचे वाटप कितीही निर्दोष केले असते, तरी प्रश्न उरलेल्या एकोणतीस हजारांचा होता. आमच्या वाचकांपैकी जे पुढच्या हंगामाची तिकीट-योजना आखायला बसले असतील, त्यांनी कागदावर आधी तो रकाना आखावा आणि त्यात आकडा भरावा. पॉइंट आणि सोडत यांची वाटणी त्यानंतर उरलेल्या जागांची आहे.