उभ्या माणसाला स्टूल द्या

दादरच्या एका कापड दुकानात विक्रीच्या कामावर असलेल्या एक बाई मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्यात आल्या. वय ३८. "डॉक्टर, संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नाही," एवढीच तक्रार. पाय बघितला तर पोटरीवर निळसर शिरांचा गुंता झालेला, घोट्याच्या आतल्या अंगाची कातडी काळवंडलेली आणि तिथे खाजवून खाजवून एक लहानशी जखम. सकाळी दहा ते रात्री नऊ दुकान. त्यात जेवणाचा अर्धा तास सोडला तर उभे राहायचे. मी विचारले, "दुकानात खुर्ची नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे ना. गिऱ्हाइकांसाठी. आम्ही बसलो तर शेठ म्हणतात, गिऱ्हाईक काय म्हणेल?" मग जाता जाता सहज बोलून गेल्या, "आमच्या बाबांचे पाय पण असेच होते. ते गिरणीत साळखात्यात होते."

त्या शेवटच्या वाक्यामुळे आजचा हा लेख लिहीत आहे.

आपल्या शरीरात रक्त सतत फिरत असते, हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय साधारण तेवढेच रक्त दर मिनिटाला पुढे ढकलते. प्राणवायू, साखर, औषधे सारे काही रोहिण्यांमधून अवयवांकडे पोहोचते आणि तिथला कचरा घेऊन रक्त नीलांमधून परत फिरते. जाण्याचा प्रवास सोपा असतो, कारण मागे हृदयाचा जोर असतो. अडचण येते ती परतीच्या प्रवासात. केसाहून बारीक अशा केशिकांमधून पार होईपर्यंत तो जोर जवळजवळ संपलेला असतो. आणि माणूस उभा असेल तर घोट्यापासून हृदयापर्यंत चार फूट चढण चढायची असते.

गिरगावकरांना हे चटकन समजेल. मलबार हिलच्या टाकीतले पाणी उताराने खाली येते, पण वाडीतल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते चढवायचे तर पंप लागतो. शरीरानेही असा पंप बसवलेला आहे, तो म्हणजे पोटरीचा स्नायू. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळली जाते आणि आतल्या खोल नीला पिळल्या जाऊन रक्त वर सरकते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांमध्ये जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात.

या झडपा प्रत्येकाला स्वतःच्या हातावर तपासता येतात. हात खाली सोडून शिरा फुगू द्या. मनगटाजवळ एका शिरेवर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने त्याच शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने निपटत न्या. दुसरे बोट उचलले तरी रक्त मागे येत नाही, झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणावरच्या आपल्या १६२८ सालच्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला होता. त्याला ना सूक्ष्मदर्शक लागला, ना पैसे.

आता उभे राहण्याकडे वळू. माणूस न हलता उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या मापाने ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३०च्या घरात उतरतो. फरक फक्त पोटरी चालल्याचा. हा वाढलेला दाब रोज दहा तास, वर्षानुवर्षे सोसला की नीला ताणून रुंद होतात. झडपांची दारे एकमेकांना भिडेनाशी होतात. रक्त खाली गळू लागते, त्याने खालच्या झडपेवर भार येतो आणि मग तीही जाते. शिरा फुगतात, पाणी बाहेर झिरपून सूज येते, कातडी काळी पडते आणि शेवटी घोट्याजवळ व्रण होतो. महिनोन् महिने मलमे लावूनही तो भरत नाही, कारण दुखणे कातडीचे नसून आतल्या वाहतुकीचे असते.

कोणी म्हणेल, झाड तर जन्मभर उभेच असते. खरे आहे. वाडीतला माड कोणत्याही हृदयावाचून पाणी शेंड्यापर्यंत नेतो. पण त्याची तऱ्हा वेगळी. पानांतून पाण्याची वाफ उडते आणि त्या ओढीने जलवाहिन्यांतली पाण्याची अखंड धार मुळांपासून वर खेचली जाते. त्या नळ्या कडक असतात, फुगत नाहीत. आपल्या नीला मऊ आणि पातळ भिंतींच्या. उंच जिराफाच्या पायांना निसर्गाने घट्ट कातडीचा जणू मोजाच चढवला आहे, आपल्याला तोही नाही. आपल्याला दिला आहे तो चालण्याचा पंप, आणि आपण माणसाला तो बंद ठेवून उभे करतो.

गिरणगावात हे पिढ्यान् पिढ्या चालले. साचे सांभाळणारा कामगार पूर्ण पाळी उभा असे. १९४८च्या कारखाना कायद्यात ४४वे कलम होते. उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगाराला, कामात उसंत मिळेल तेव्हा बसता यावे अशी सोय हवी, असे ते सांगत होते. पण सुटणारा प्रत्येक धागा ज्याला बघायचा आहे त्याला उसंत कुठली? १९८२च्या जानेवारीत संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि नंतर एकेक करून गिरण्या मिटल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे. गिरण्यांच्या जागी आलेल्या चकचकीत दुकानांतून आज त्याच कामगारांची नातवंडे नोकरी करतात. भोंगा गेला, साचे गेले, जमिनीला सोन्याचा भाव आला. उभे राहणे मात्र तेवढे राहिले. रखवालदार, लिफ्टमन, वाहतूक पोलीस, हॉटेलातला वाढपी आणि लालबागच्या मसाला गल्लीतला दुकानावरचा पोऱ्या हे सगळे याच रांगेत आहेत.

फेब्रुवारी १९६८मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला, तरी त्या धाडसाचा या शहराला अभिमान आहे आणि तो असावाच. हृदयाचे कौतुक सगळे करतात. माझे म्हणणे एवढेच, की या पंपाला खालून रक्त परत पाठवणारी पोटरीही थोडी विचारात घ्यावी. तिच्यासाठी शस्त्रक्रिया नको आहे, शंभर-दोनशे रुपयांचे स्टूल हवे आहे.

केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यानंतर २०१८ साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला आसन देणे बंधनकारक केले. २०२१ साली तमिळनाडूनेही तसेच केले. पण ४४व्या कलमाचा इतिहास पाहता नुसत्या कायद्याने स्टूल येत नाही, आणि आले तरी त्यावर बसायची छाती होत नाही.

'गिऱ्हाईक काय म्हणेल' या सबबीत तथ्य नाही. आपल्या जुन्या कापड दुकानांत पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेला माणूसच शालू उलगडून दाखवीत असे, गिऱ्हाईकही त्याच गादीवर टेकत असे. त्यात कोणाला अपमान वाटला नाही. आजही गल्ल्यावर मालक बसूनच असतात.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शिरा फुगण्याचे कारण केवळ उभे राहणे नव्हे. घराण्यातला दोष, बाळंतपणे, वाढलेले वजन आणि वय यांचाही वाटा असतो. दिवसभर पाय लोंबकळत बसणे हाही उपाय नव्हे. म्हणून मागणी बसून राहण्याची नाही, तर बसता, उठता आणि चालता येण्याची आहे.

ज्यांना उभे राहणे चुकत नाही त्यांनी एवढे करावे. दर अर्ध्या तासाने चार पावले टाकावीत. जागा नसेल तर उभ्या जागी वीस वेळा टाचा वर-खाली कराव्यात, म्हणजे पंप चालतो. घरी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटे पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. दाबाचे मोजे उपयोगी आहेत, पण ते डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच घालावेत, कारण रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर त्यांनी अपाय होतो. फुगलेल्या शिरेतून रक्त वाहू लागले तर आडवे पडून पाय वर धरावा आणि जखमेवर घट्ट दाबून ठेवावे, मग रुग्णालय गाठावे. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली तर मालिश मुळीच करू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ती आत झालेली गुठळी असू शकते आणि सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. दोन्ही पायांना सूज असेल तर हृदय आणि मूत्रपिंडही तपासून घ्यावीत.

त्या बाईंच्या घोट्यावरची जखम पट्टी बांधून आता भरत आली आहे. नोकरी मात्र तीच आणि दुकानही तेच. घरी जाताना लोकलमध्येही बसायला जागा मिळत नाही, असे त्या हसत सांगतात.

तेव्हा वाचकहो, या लग्नसराईत रानडे रोडला किंवा ठाकूरद्वारला खरेदीला जाल, तेव्हा साड्यांचा ढीग मागवण्याआधी काउंटरपलीकडच्या बाईंना मालकाच्या कानी पडेल अशा आवाजात एक वाक्य म्हणा : "ताई, तुम्ही बसून दाखवा, आम्हाला चालेल." दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी हे म्हटले, तर स्टूल आणायला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.