बारा टक्के ओलावा आणि पोरांचा कॉम्प्युटर कोर्स



दहावी-बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी फलक चढतात. तीन महिन्यांत कॉम्प्युटर, प्रमाणपत्रासह. बियाण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून आम्ही फी भरतो, पोरगा एस.टी.ने जातो-येतो आणि पावसाळा सरता सरता एक कागद घरी येतो. त्या कागदाबद्दल आज बोलायचे आहे.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले आणि त्याची एम.एस.-सी.आय.टी. खेड्यापाड्यांत पोचली. कितीतरी पोरांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथेच. त्याचे श्रेय द्यायला आमची ना नाही. पण खरे सांगा, आपण पोराला तिथे घालतो ते काय म्हणून? भरतीच्या जाहिरातीत अट असते म्हणून. अनुदान आहे म्हणून पेरा करावा तसे. पोरगा पत्र टाइप करायला शिकतो, तक्ता पाडायला शिकतो, मेल पाठवायला शिकतो. म्हणजे दुसऱ्याने बनवलेले वापरायला शिकतो. बनवायचे कसे, हा धडा वेगळा. त्याला प्रोग्रामिंग म्हणतात आणि तो आमच्या पोरांपर्यंत सहसा पोचत नाही.

प्रोग्राम म्हणजे काय, ते कापसावरच पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्याच्या वर गेला तर दर टक्क्याला भावातला एक टक्का कापायचा. १२ च्या वर गेला तर गाडी परत. हे तीन नियम यंत्राला कळतील असे ओळीने लिहून काढायचे, झाला प्रोग्राम. इंग्रजीचे चार-दोन शब्द लागतात, बाकी सगळा जर-तरचा मामला. ११ टक्के ओलावा भरला तर क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे गेले, हाती ७,८६६ रुपये ७० पैसे. वीस क्विंटलच्या गाडीवर ४,८६६ रुपयांची कपात. दहावीच्या पोराला हे दोन दिवसांत लिहिता येईल.

आता खरी गंमत पाहा. ओलावा नेमका १२ भरला. गाडी आत की बाहेर? लिहिणाऱ्याने '१२ किंवा त्याहून कमी' असे लिहिले तर आत. '१२ पेक्षा कमी' असे लिहिले तर बाहेर. साडेअकरा भरला तर कपात तीन टक्के, साडेतीन की चार? कागदावरच्या नियमात जे सुटले असेल ते प्रोग्राम लिहिणारा आपल्या मनाने भरतो. त्याने पराटी पाहिलेली असेल-नसेल. एका चिन्हाचा फरक, आणि आमची भरलेली गाडी रात्रभर आवाराबाहेर.

२०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरले तेव्हा हे आपण भोगले आहे. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले म्हणजे एक कुटुंब, अशी व्याख्या होती. यादीत नाव का नाही म्हणून विचारायला गेलो की खिडकीतून उत्तर यायचे, 'सिस्टीम घेत नाही'. आम्हीही मान हलवून परत यायचो, जणू सिस्टीम म्हणजे पावसासारखी वरून पडलेली गोष्ट! २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आली. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर कापूस महामंडळाच्या 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करा, असा दंडक आला. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एक 'जर' लिहून ठेवला आहे. तो कोणता, एवढे विचारता येणारे पोरगे गावात हवे की नको?

हे शहरातल्या इंजिनिअरांचे काम, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी अमेरिकेतले एक गाव सांगतो. टेक्सासमध्ये लेव्हललँड म्हणून गाव आहे. सभोवती कापूस आणि ज्वारी. पाऊस अकोला-यवतमाळपेक्षा कमी, विहिरींचे पाणी वर्षावर्षाला खोल जाते, बरीच जमीन कोरडवाहू. १९५७ साली तिथल्या लोकांनी मतदान करून आपले कॉलेज काढले, साऊथ प्लेन्स कॉलेज. असल्या कॉलेजाला तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. दोन वर्षांचे शिक्षण, लोकांनी निवडून दिलेले मंडळ, स्थानिक मालमत्ता करातून खर्चाचा वाटा. (या कॉलेजात गावरान गाणेबजावणेही शिकवतात. आमच्याकडे शाहिरीचे कॉलेज कोणी काढले असते तर!) टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत संगणकाची ओळख हा विषय वेगळा आणि प्रोग्रामिंगची मुळाक्षरे हा विषय वेगळा. या विषयांना राज्यभर सारखेच क्रमांक ठरवून दिलेले आहेत, म्हणून तिथे मिळवलेले गुण पुढे विद्यापीठात धरले जातात. पोराला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही.

तिकडची शेती शेकडो एकरांची, विम्याच्या हप्त्यात त्यांचे सरकार मोठा वाटा उचलते. ती बरोबरी आम्ही सांगत नाही. प्रोग्राम शिकून कापसाला चार पैसे जास्त मिळतील, असेही सांगत नाही. असे सांगणारा भेटला तर खुशाल समजा की तो फी गोळा करायला आला आहे.

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. आय.टी.आय.मध्ये 'कोपा' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याच्या लांबलचक नावात प्रोग्रामिंग हा शब्द आहे, अभ्यासक्रमातही आहे. आमच्या ओळखीचा एक पोरगा ते वर्ष काढून आला. प्रोग्राम किती लिहिलेस, म्हणून विचारले. म्हणाला, वहीत लिहिले, यंत्रावर नाही; वीज नसायची आणि मास्तरांची जागा रिकामी होती. वहीत पोहायला शिकल्यासारखेच हे. आणि पोरीच्या बाबतीत तर आम्ही तेवढेही करत नाही. टायपिंग झाले की पुरे म्हणतो, लग्नाच्या याद्या करायला.

आता तर यंत्र स्वतःच प्रोग्राम लिहिते, मग शिकायचे कशाला, असाही सवाल मागच्या बैठकीत आला. इलेक्ट्रॉनिक काटा आला म्हणून आपण वजन पाहायचे सोडले काय? यंत्राने लिहिलेला 'जर' बरोबर आहे की चूक, हे पाहायला वाचता तर आले पाहिजे.

ज्यांची पोरे-पोरी असल्या वर्गाला जातात त्यांनी पुढच्या बैठकीला येताना त्यांनाच सोबत आणावे. प्रमाणपत्र घरी राहू द्या. ओलाव्याचा वर दिलेला हिशेब कोणत्याही भाषेत यंत्रावर बसवून आणा. साडेअकराला आणि नेमक्या बाराला तुमचा प्रोग्राम काय सांगतो, ते सगळ्यांसमोर पाहू. ज्यांच्या वर्गात हे शिकवलेच नाही, त्यांनी तसे येऊन सांगावे. मग त्या वर्गाला भेटायला सगळे मिळून जाऊ.