मुदत संपली म्हणून खेळ संपावा का?

सरकारी कचेरीत विंडोज एक्सपीचे संगणक आले तेव्हाची गोष्ट. जेवणाची सुट्टी झाली की आमच्या सेक्शनमध्ये दोन पंथ पडायचे. एक पत्त्यांच्या सॉलिटेअरवाल्यांचा आणि दुसरा पिनबॉलवाल्यांचा. मी दुसऱ्या पंथातला. डाव्या हाताचं बोट झेडवर, उजव्या हाताचं स्लॅशवर, आणि पडद्यावर धडपडणारी एक गोळी. 'स्पेस कॅडेट' असं त्या खेळाचं नाव. पुढे व्हिस्टा आलं आणि हा खेळ गायब झाला. मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी नंतर त्याचं कारण लिहिलं. 64 बिटांच्या विंडोजसाठी प्रोग्राम नव्याने बांधला तेव्हा गोळी वस्तूंना न आपटता त्यांच्यातून आरपार जाऊ लागली. दोष काही सापडेना, म्हणून खेळच काढून टाकला.

'स्पेस कॅडेट' मुळात संगणकातच जन्मलेला. लाकूड-काचेचं तसलं यंत्र कधी नव्हतंच. पण त्याच्या निमित्ताने मी खऱ्या पिनबॉलच्या नादी लागलो. प्रत्यक्ष यंत्रावर मी कधी खेळलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. तरी ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही. लहानपणी खिळे ठोकलेला बॅगाटेलचा बोर्ड आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी होता. पिनबॉल हा त्याचाच अमेरिकेत वाढलेला वंशज. 1871 साली मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलला स्प्रिंगचा दट्ट्या बसवून पेटंट घेतलं. 1947 साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात हॅरी मॅब्स यांनी विजेवर चालणारे फ्लिपर बसवले आणि नशिबाचा खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. न्यूयॉर्कने मात्र जुगार म्हणून 1942 साली घातलेली बंदी उठवायला 1976 साल उजाडलं.

या धंद्याचा कळस 1992 साली झाला. पॅट लॉलर यांनी रचलेलं 'द अॅडम्स फॅमिली' हे यंत्र तब्बल 20,270 विकलं गेलं. त्यात एक पेटी आहे. तिच्यातून हात बाहेर येतो आणि लोहचुंबकाने गोळी उचलून घेऊन जातो. लॉलर यांच्याच 1993 च्या 'ट्वायलाइट झोन'मध्ये पोलादी गोळ्यांच्या जोडीला एक पांढरी चिनी मातीची गोळी आहे. ती हलकी, म्हणून जास्त पळते, आणि चुंबकाला दाद देत नाही. पण तेवढ्यात घरोघरी व्हिडिओ गेम पोचले आणि ऑक्टोबर 1999 मध्ये विल्यम्स कंपनीने आपला पिनबॉलचा विभागच बंद केला.

मग उरली ती जुनी यंत्रं. एकेका यंत्रात शेकडो दिवे, कॉईल, स्विच आणि रबरी कडी. दर काही दिवसांनी काहीतरी बिघडणार. सुटे भाग मिळणं मुश्कील आणि दुरुस्त करणारा मिळणं त्याहून मुश्कील. काही यंत्रं तर मुळातच दुर्मिळ. गॉटलिबचं 1983 चं 'गोइन नट्स' घ्या. त्याची नमुन्यादाखल फक्त दहा यंत्रं बनली आणि पुढे उत्पादन झालंच नाही. दहा यंत्रं म्हणजे जगातल्या दहा खोल्या. आपल्यासारख्याने तिथे कधी पोचायचं?

फारसाइट स्टुडिओज या अमेरिकन कंपनीने याला उत्तर शोधलं. 2012 साली त्यांनी 'द पिनबॉल आर्केड' काढलं. पद्धत सोपी सांगता येते, पण करायला किचकट. खरं यंत्र मिळवायचं, फळीवरची चित्रं टिपायची, उतार आणि अंतरं मोजायची आणि यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्राम संगणकावर जसाच्या तसा चालवायचा. म्हणजे गुण मोजणारा मेंदू मूळचाच आणि गोळी तेवढी गणिताची. 'गोइन नट्स' अशा रीतीने दहा खोल्यांतून बाहेर पडून हजारो फोनांवर पोचलं.

हे सगळं रीतसर परवाने घेऊन. आणि परवाना काही एक नसतो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा वेगळा, ज्या सिनेमावर यंत्र बेतलं त्याचा वेगळा, नटांच्या चेहऱ्यांचा वेगळा, गाण्याचा वेगळा. एका टेबलावर इतक्या सह्या! त्या मिळवण्याचा खर्च एवढा की 'ट्वायलाइट झोन'साठी 2012 साली आणि 'अॅडम्स फॅमिली'साठी 2014 साली कंपनीने किकस्टार्टरवर रसिकांपुढे झोळी पसरली. रसिकांनी ती भरलीसुद्धा.

आणि मग 30 जून 2018 ही तारीख आली. विल्यम्स आणि बॅली या नावांचा परवाना संपला, त्याचं नूतनीकरण झालं नाही. त्या दिवसानंतर 'द पिनबॉल आर्केड'वर ही साठच्या वर टेबलं विकणं बंद. ज्यांनी आधी विकत घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली. नव्या माणसाला दार बंद. परवाना झेन स्टुडिओजकडे गेला. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एकेक टेबल नव्याने बनवायला घेतलं. पण लोकवर्गणीतून उभं राहिलेलं 'अॅडम्स फॅमिली' त्यांच्याकडे यायला 2023 साल उजाडलं. मधली चार-साडेचार वर्षं ते परवान्यासह कुठेच विकत मिळत नव्हतं. यंत्र मोडलं नव्हतं, प्रोग्राम बिघडला नव्हता. फक्त एका कागदावरची तारीख उलटली होती.

मी कारकून आहे. परवाना, मुदत, नूतनीकरण यातच माझी हयात गेली. त्यामुळे परवान्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. परवान्यामुळेच मूळ आवाज आणि मूळ चित्रं उजळ माथ्याने वापरता आली. पण कचेरीत आम्हाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. प्रकरण बंद झालं तरी फाईल जाळायची नसते, ती रेकॉर्ड रूममध्ये जाते. या परवान्यांमध्ये मला दिसते ती हीच उणीव. मुदत संपल्यावर विक्री थांबेल असं त्यांत असतं, पण त्या दिवशी केलेल्या कामाचं काय व्हायचं ते मात्र बाजाराच्या मर्जीवर. एकाने पाच वर्षं खपून केलेलं काम बाजूला पडतं आणि दुसरा तेच पुन्हा पहिल्यापासून करतो. म्हणजे दुर्मिळ यंत्राची दुर्मिळ प्रत तयार होते!

काही जण म्हणतात, परवाना हवाच कशाला? 'व्हिज्युअल पिनबॉल' या फुकट प्रोग्रामवर हौशी मंडळी वर्षानुवर्षं जुनी टेबलं बनवतच आहेत. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण हक्कदाराने हरकत घेतली की हौशी माणसाला माघार घ्यावी लागते. ठेवा असा उसनवारीवर टिकत नाही. दुसरे म्हणतात, काचेवरचा पिनबॉल हा पिनबॉलच नव्हे. कंबरेने यंत्राला दिलेला हलका धक्का, जास्त झाला तर पेटणारा 'टिल्ट', मांडीला जाणवणारा कॉईलचा ठोका, हे फोनवर कुठून येणार? खरं आहे, नाहीच येत. पण खेळाचे नियम येतात, आवाज येतात, रचनाकाराची खोड्याळ बुद्धी येते. देवळातली मूर्ती आणि तिचा फोटो यांत फरक आहेच. म्हणून कोणी फोटो फाडून टाकत नाही.

शिवाय हा प्रश्न पिनबॉलपुरता नाही. 2023 साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी केली. अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. ग्रंथालयांना असे खेळ अभ्यासकांना दुरून दाखवता यावेत म्हणून सवलत मागितली गेली. ती ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारली.

माझं मागणं साधं आहे. परवान्यात एक कलम जादा असावं. मुदत संपली की विक्री थांबवा, हरकत नाही. पण चालू स्थितीतली एक पूर्ण प्रत, टिपलेल्या चित्रांसह आणि मोजमापांसह, एखाद्या संग्रहालयात जमा करा. रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयासारख्या संस्था त्यासाठीच आहेत. तिथे येऊन कोणालाही ती बघता यावी, खेळता यावी. यात हक्कदाराचं एका पैचं नुकसान नाही.

आता कचेरीतल्या आमच्या नव्या संगणकांत पिनबॉल नाही आणि सुट्टीत ज्याचा त्याचा फोन असतो. एकाला 'स्पेस कॅडेट' आठवतं का म्हणून विचारलं. तो काही बोलला नाही. नुसती दोन बोटं टेबलावर आपटून दाखवली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पण पुढच्या पिढीच्या बोटांत ही आठवण कुठून येणार?