चौकशी नको, खटला हवा

'जमाव हिंसक झाला म्हणून नाइलाजाने गोळीबार करावा लागला.' हे वाक्य आपल्या पोलीस खात्याला तोंडपाठ आहे. वस्ती बदलते, मेलेली माणसे बदलतात, वाक्य तेच राहते. ते खरे की खोटे हे ठरवायला सरकार आयोग नेमते. आणि माझ्या मते न्यायाची फसवणूक तिथूनच सुरू होते.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली आणि संतापलेला मुसलमान मुंबईच्या रस्त्यावर उतरला. दगडफेक झाली, पोलिसांवरही हल्ले झाले. हे आपण लपवू नये. पण कायदा पोलिसाला जमाव पांगवण्यापुरते बळ देतो, सूड उगवण्याचा अधिकार देत नाही. त्या डिसेंबर-जानेवारीत 900 माणसे मेली, त्यांपैकी 356 पोलिसांच्या गोळीने. मृतांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. पोलिसांच्या मनातला मुस्लिमविरोधी पूर्वग्रह श्रीकृष्ण आयोगाने स्पष्टपणे नोंदवला आणि 31 पोलिसांवर ठपका ठेवला. मधेच, 1996 मध्ये युती सरकारने आयोगच गुंडाळला होता. तो पुन्हा नेमावा लागला आणि 1998 मध्ये अहवाल आला.

पुढे काय झाले? 10 जानेवारी 1993 ला वडाळ्याच्या हरी मशिदीत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. गोळी लागलेल्या एका नमाजीवरच दंगलीचा खटला चालला. तो निर्दोष सुटला 2009 मध्ये. गोळीबाराचा तपास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ज्याने गोळी खाल्ली तो 16 वर्षे आरोपी, आणि ज्याने झाडली तो साहेब!

हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे कुणी समजू नये. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधाला जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. 10 माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनी सांगितले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. इथे मात्र एक गोष्ट वेगळी घडली. वस्तीने पाठ सोडली नाही. 12 वर्षांनी, 2009 मध्ये, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयात शिक्षा स्थगित होऊन त्याला जामीन मिळाला, हेही खरे. तरीही हुकूम देणारा माणूस पिंजऱ्यात उभा राहू शकतो, एवढे त्या वस्तीने सिद्ध केले.

आयोगाने हे होत नाही. 1952 च्या चौकशी आयोग कायद्याने नेमलेला आयोग शिक्षा देत नाही, आणि त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाहीत. साक्षी होतात, वर्षे जातात, जनतेचा राग निवतो. सरकारला नेमके हेच हवे असते. त्यातून खटला भरायचा म्हटले तर सरकारची परवानगी आडवी येते. जुन्या फौजदारी संहितेचे कलम 197 गेले. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच अट कलम 218 म्हणून आली. 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे, एवढी एक फट त्यात ठेवली आहे. जमाव पांगवणाऱ्यांना कलम 151 चे कवच आहे ते वेगळेच.

आता थोडे आपल्याकडे पाहू. 'श्रीकृष्ण अहवाल लागू करा' ही घोषणा आपण किती वर्षे दिली! पण तो अहवाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? आपल्या पुढाऱ्यांनी मंत्र्यांना निवेदने दिली, हार घातले, इफ्तारला शेजारी बसवले. नुकसानभरपाईचा धनादेश मिळाला की इन्साफ मिळाला, असे आपणच मानून घेतले. रमाबाईनगरच्या खटल्याच्या तारखांना आपले किती लोक गेले? 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पाण्यासाठी लढणारे 3 शेतकरी पोलिसांच्या गोळीने मेले, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत त्याची चर्चा तरी झाली का? आपल्या मय्यतीला दुसऱ्यांनी यावे आणि त्यांच्या दारी आपण जाऊ नये, हा कुठला न्याय?

म्हणून मागणी एकच असावी आणि ती सर्वांची मिळून असावी. पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की गुन्हा नोंदवा. हुकूम कुणी दिला त्याचे नाव त्यात लिहा. तपास त्याच ठाण्याकडे ठेवू नका. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करायला सांगितले. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात 2014 च्या दुरुस्तीने ते आले. मोहल्ल्यातल्या वकिलांनी, शिक्षकांनी तिथे तक्रारी लिहून द्याव्यात. जखमीचा दवाखान्याचा कागद, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षीदारांची नावे पहिल्याच दिवशी जपून ठेवावीत. घोषणा हवेत विरतात. कोर्टात कागद बोलतो.

गोळीबारानंतर पुन्हा कुणी मंत्री वस्तीत येऊन म्हणेल, 'आम्ही आयोग नेमतो.' तेव्हा टाळ्या वाजवू नका. त्याला एवढेच विचारा: साहेब, गुन्हा नोंदवला का? आरोपीच्या रकान्यात कुणाचे नाव लिहिले?