विश्रांती कोणाच्या मालकीची?

कामांची यादी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम आणि विश्रांती यांचे मोजलेले तुकडे बसवण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे, की तिच्याशी वाद घालणे हे गजराच्या घड्याळाशी भांडण्यासारखे वाटावे. तरीही तो वाद घातला पाहिजे आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनीच घातला पाहिजे. कारण या तुकड्यांत सर्वांत आधी कापले जाते ते वाचन.

मूळ कल्पना निरुपद्रवी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ समोर ठेवले. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. इटालियनमध्ये टोमॅटोला ‘पोमोडोरो’ म्हणतात. पद्धतीलाही तेच नाव पडले. त्या घड्याळाचा मोठा गुण म्हणजे त्याचा विसरभोळेपणा. ते वाजे आणि गप्प होई. नोंद ठेवायची ती आपल्याच कागदावर, आपल्याच पेन्सिलीने.

‘टिकटिक’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे घड्याळ कामांच्या यादीतच आणून बसवले गेले आणि विसरभोळ्याला स्मरणशक्ती आली. प्रत्येक तुकडा एखाद्या कामाच्या नावे जमा होतो, त्यांची बेरीज होते, आलेख निघतो. जे मोजून ठेवले जाते ते कधीतरी कोणीतरी मागतेच. आज विद्यार्थी स्वतःसाठी पाहतो तो आलेख उद्या मार्गदर्शकाने मागितला, तर नकार कशाच्या आधारे द्यायचा?

छत्रपती संभाजीनगरची छावणी हा हैदराबाद कंटिन्जंटच्या काळापासूनचा लष्करी तळ. फौजेत उठणे, जेवणे, झोपणे बिगुलावर चालते आणि तिथे ते योग्यही आहे; अनेकांनी एकाच क्षणी एकच कृती करावी, हाच त्या बिगुलाचा हेतू. पण याच छावणीच्या शेजारी नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेले महाविद्यालय, आजचे मिलिंद, तिथे आहे. म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांनी तिथे अध्यापन केले. दलित साहित्याची वैचारिक जडणघडण ज्या परिसरांत झाली, त्यांत याचे स्थान अग्रभागी आहे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात ठिकठिकाणी ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. कोणी म्हणेल, तिथेही तास मोजलेच जातात. मोजले जातात, पण वर्षातून एकदा, सर्वांसोबत बसून आणि अभिवादन म्हणून. शिवाय त्या उपक्रमातील महत्त्वाचा शब्द ‘अठरा’ नसून ‘सलग’ हा आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांनी मिळवलेला हा सलगपणा आपण पंचवीस मिनिटांच्या चिठ्ठ्यांत का विकावा?

विश्रांतीचेही तसेच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवार मिळायला १८९० उजाडले. ही विश्रांती कामगाराने मालकाकडून सोडवून घेतलेली होती. त्या अर्ध्या तासात तो पुढच्या कामासाठी ताजातवाना होतो की नाही, याचा हिशेब त्याला कोणाला द्यायचा नव्हता. सॉफ्टवेअरमधली पाच मिनिटे नेमकी उलटी आहेत. ती कामाच्या पोटातली आहेत, कामासाठीच दिलेली आहेत आणि संपताच कामाकडे हाकलणारी आहेत. अधिकाराचे असे तंत्रात रूपांतर झाले की त्यातला अधिकार हरवतो आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

विरोधी बाजूचा एक युक्तिवाद खरा आहे. मोबाइलने विस्कटलेले मन पुस्तकापाशी बसवायला घंटा लागते. अवश्य लागावी. पण बसवणारी घंटा आणि उठवणारी घंटा एकच का असावी? कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर वाक्यांची लय नुकतीच उमगू लागलेली असते, कवितेच्या तिसऱ्या वाचनात आधी न दिसलेला विराम दिसतो. नेमके तेव्हाच ‘विश्रांती घ्या’ म्हणणारे यंत्र वाचकाचा मित्र नव्हे. आणि तासभर एकाच कडव्यापाशी थांबलेल्या विद्यार्थ्याच्या यादीत ‘काम अपूर्ण’ एवढेच उरणार असेल, तर ती यादी खोटी आहे.

म्हणून मागणी साधी आहे. घड्याळ हवे त्याने जरूर वापरावे. मात्र ते यादीबाहेर, टेबलावर, स्मरणशक्तीविना असावे. आणि अध्यापकांनी विद्यार्थ्याला ‘किती तुकडे झाले’ हे कधीही विचारू नये. ‘काय वाचलेस आणि कुठे अडलास’, हा आपला जुना प्रश्न अजून पुरेसा आहे.