सापाला औषध देता येत नसेल, तर साप पाळू नका

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन. "मामा, येतोस का जरा? माणसं कमी पडतायत."

गेलो तर हॉलमध्ये कुस्ती चाललेली. सव्वा किलोचा बॉल पायथन. एका मित्राने मान आवळलेली, दुसऱ्याने शेपटी ओढून धरलेली आणि भाचा बिनसुईची सिरिंज घेऊन जंताचं औषध तोंडात पिचकारायच्या तयारीत. साप फुसफुसत होता. घाबरले सगळेच होते, पण सगळ्यात जास्त साप.

मी आधी सिरिंज काढून घेतली. पुण्यात बरीच वर्षं साप सोडवायचं काम करतोय, म्हणून एवढं कळतं. सापाचं तोंड उघडलंत की खाली, जिभेच्या मागेच, एक छोटं भोक दिसतं. ती श्वासनलिका. अगदी पुढे असते. तोंडात जोरात औषध मारलं तर ते पोटाऐवजी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्याला धड खोकताही येत नाही. आत गेलेलं बाहेर येत नाही, मग न्यूमोनिया. नागपंचमीला तहानलेल्या नागाला दूध पाजतात तेव्हा हेच होतं. त्यावर आपण पोस्टी लिहितो आणि घरात तेच करतो!

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम जाणणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर आणि एक मदतनीस, बस्स. आधी ग्रॅमच्या काट्यावर वजन, त्यावरून मात्रा. मऊ रबरी नळी किती आत घालायची ते सापाच्या अंगाशी मोजून खूण केली. मदतनीसाने साप हातांवर नुसता तोलून धरला, आवळला नाही. प्लॅस्टिकची पातळ पट्टी ओठाशी हलकेच सरकवून तोंड उघडलं, ओली केलेली नळी श्वासनलिकेच्या भोकावरून पुढे अन्ननलिकेत, औषध सावकाश, नळी बाहेर. मिनिटभरात साप परत पिशवीत.

डॉक्टर म्हणाले, खात असेल तर एवढंही करू नका, मेलेल्या उंदरात औषध टोचा आणि तोच खायला द्या. खात नसेल तर तोंडावाटेच द्यायला हवं का, ते आधी विचारा. सेफ्टाझिडाइमसारखं प्रतिजैविक सापाला इंजेक्शनने साधारण ७२ तासांतून एकदा दिलं तरी चालतं, म्हणजे रोजची धरपकड वाचते. आणि पेटीची ऊब नीट ठेवा. साप गार पडला की पचनही मंदावतं आणि औषधाचं कामही. औषध दिल्यावर दोन दिवस त्याला हात लावू नका.

यात अवघड काय होतं? काहीच नाही. मग भाच्याने आधीच का विचारलं नाही?

कारण भीती. सापाची नव्हे, कायद्याची.

नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, आणि तो असायलाच हवा. बॉल पायथन आफ्रिकेतला. २०२२च्या दुरुस्तीनंतर तोही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला. फेब्रुवारी २०२४मध्ये नियम आले, परिवेश पोर्टलवर नोंद करायला सहा महिने मिळाले. आमच्या चिरंजीवांनी मुदत घालवली. मग डॉक्टरांकडे जायचं म्हणजे कागद विचारतील, ही धास्ती. जवळच्या दोन दवाखान्यांत "आम्ही कुत्री-मांजरं बघतो" असं उत्तर मिळालं होतंच. मग काय, व्हिडिओ बघून घरीच डॉक्टरकी.

"चूक पाळणाऱ्याची, भोगू दे," असं कुणी म्हणेल. भाच्याला मी पुरेसं बोललोय. पण भोगतोय साप! त्याला ना कायदा कळतो, ना मुदत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नोंद सक्तीचीच हवी, पण आजारी जनावर दवाखान्यात नेलं म्हणून कुणी अडकणार नाही, हे सरकारने स्पष्ट सांगावं. नोंद करणाऱ्याच्या हातात प्राण्याच्या देखभालीचं एक पान द्यावं, मराठीत. पशुवैद्यकाच्या शिक्षणात साप हाताळायचा सराव वाढवावा. त्याचा उपयोग आम्ही शेतातून, विहिरीतून काढलेल्या जखमी धामणींनाही होईल.

आणि पाळणाऱ्यांनो, साप विकत घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हा आजारी पडला तर नेणार कुठे? डॉक्टरांचं नाव आणि नंबर आत्ता सांगता येत नसेल, तर तो साप घरी आणू नका. फोटो काढायला साप लागतो, पण सापाला तुम्ही लागत नाही.

भाच्याचा साप सध्या बरा आहे. काल लपायच्या डब्यातून डोकं काढून बघत होता म्हणे. भाच्याला म्हटलं, बघू दे, हात लावू नकोस.