समोर कुणी नसताना

रॉक बँडच्या चाहत्यांचं एक बरं असतं. गाण्यांवरून भांडून झालं की कॉन्सर्टच्या व्हिडिओवरून भांडायला मोकळे. आवाज कुठल्या प्रतीत चांगला, कात्री कुणी चालवली, कुठला तुकडा तिथलाच आणि कुठला नंतर चिकटवलेला... संपतच नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘लाइव्ह ॲट पॉम्पेई’ या फिल्मवरून तर हे भांडण पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती साफसूफ होऊन पुन्हा थिएटरांत लागली आणि सगळे नव्या दमाने उठले. मीही उठले. फोनवर दादाशी बोलून समाधान होईना, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. (जाणकारांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) पिंक फ्लॉइड हा लंडनचा बँड. फिल्ममध्ये चौघे आहेत: गिटारवर डेव्हिड गिल्मर, बासवर रॉजर वॉटर्स, कीबोर्डवर रिक राइट आणि ड्रमवर निक मेसन. साल १९७१, महिना ऑक्टोबर. ज्या अल्बमने त्यांना जगभर नेलं तो ‘डार्क साइड ऑफ द मून’ यायला अजून दीड वर्ष होतं. पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचं दगडी अँफिथिएटर आहे, वीसेक हजार माणसं बसतील एवढं. या चौघांनी तिथे भर उन्हात आपली सगळी यंत्रसामग्री मांडली आणि वाजवलं. ऐकायला समोर कुणी नाही. फिल्मवाले, बँडची माणसं आणि कुठूनतरी आत घुसलेली गावातली चार पोरं, बस्स.

ही कल्पना एड्रियन मेबन या दिग्दर्शकाची. तो पॉम्पेईला सुट्टीवर गेला होता आणि तिथे त्याचा पासपोर्ट हरवला. तो शोधायला संध्याकाळी परत अँफिथिएटरात शिरला, तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. त्या शांततेत त्याला वाटलं की इथेच, असंच, रिकाम्यात करायचं. त्या काळात कॉन्सर्टच्या फिल्म म्हणजे ‘वुडस्टॉक’. १९७० साली आलेल्या त्या फिल्मने प्रेक्षकांनाच नायक करून टाकलं होतं: चिखल, गर्दी, नाचणारी माणसं. मेबनला नेमकं उलटं हवं होतं.

आता भांडणाचा पहिला मुद्दा. प्रेक्षकच नाहीत तर याला ‘लाइव्ह’ म्हणायचं कसं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या आईच्या तोंडून. दादा इंजिनिअरिंगला होता, १९८८-८९ चा काळ. व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा आणि सकाळी दुकान उघडायच्या आत परत द्यायचा. कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, तिच्यावरून पुन्हा उतरवलेली अशी एक कॅसेट त्याने पैदा केली होती. चित्रात मुंग्या आणि आवाजात खरखर. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दोन मिनिटं उभी राहून बघितलं आणि म्हणाली, “समोर कुणीच नाही, मग वाजवतायत कुणासाठी?”

आईचा प्रश्न अगदी रास्त होता. ती दरवर्षी डिसेंबरात सवाई गंधर्वच्या मंडपात जाणारी बाई. आपल्याकडे गाणं म्हणजे समोरासमोरचा व्यवहार. पहिल्या रांगेतून ‘क्या बात है’ आलं की गवई तीच जागा अजून खुलवून घेतो. दाद मिळाली नाही की गाणं कोमेजतं असं भलेभले सांगतात. त्या हिशेबाने रिकाम्या दगडी पायऱ्यांपुढचं वाजवणं म्हणजे नुसता रियाज.

माझं मत असं की हो, रियाजच आहे तो. आणि तोच बघण्यासारखा आहे. गर्दी असली की कॅमेरा गर्दीकडे पळतो. गिटारचा सोलो सुरू झाला की हमखास कुणीतरी डोळे मिटून डोलताना दाखवतात, म्हणजे आपल्याला इथे भारावून जायचंय हे कळावं! पॉम्पेईत कॅमेऱ्याला पळायला जागाच नाही. तो हातांकडे बघतो, तारांकडे बघतो, ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ असे छाप मारलेल्या काळ्या पेट्यांच्या मागून सावकाश सरकत जातो. वाजवणारे एकमेकांकडे बघतात. बँडची अटच होती की नुसतं तोंड हलवणार नाही, खरोखर वाजवू. त्यासाठी सगळं सामान इंग्लंडहून आणलं. तिथली वीज पुरेना, म्हणून गावातून लांबलचक केबल ओढून घेतली. मिळालेल्या मोजक्या दिवसांतले काही या विजेच्या भानगडीतच गेले. ज्या ‘मेडल’ अल्बममधली ‘एकोज’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’ ते इथे वाजवत होते, तो दुकानांत यायला अजून काही आठवडे होते. म्हणजे त्यांच्यासाठीही ताजीच गाणी. चुकायला भरपूर वाव होता.

आणि चुकतंही! ‘वन ऑफ दीज डेज’ ऐन भरात असताना निक मेसनच्या हातातली एक स्टिक निसटून उडते. ताल न सोडता तो दुसरी उचलतो आणि चालू राहतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपतं सगळं. चाहत्यांचे कितीही तट असोत, या क्षणावर सगळ्यांचं एकमत. गंमत म्हणजे या गाण्यात जवळजवळ फक्त मेसनच दिसतो. का? तर बाकीच्यांच्या चित्रीकरणाची रिळं गहाळ झाली. हाताशी जे उरलं त्यावर भागवलं आणि फिल्ममधली सर्वात आवडती पाच-सहा मिनिटं जन्माला आली.

दुसरा मुद्दा खरेपणाचा. नाव ‘लाइव्ह ॲट पॉम्पेई’, पण पॉम्पेईत पूर्ण वाजवलेल्या रचना तीनच: ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’. वेळ पुरला नाही, म्हणून बाकीचं डिसेंबर १९७१ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित केलं. ओळखायची खूण सोपी आहे. रिक राइटला दाढी असेल तर पॉम्पेई, नसेल तर पॅरिस. :) कुत्र्याच्या विव्हळण्याबरोबर माउथ ऑर्गन वाजवायचा तो प्रकारही पॅरिसचाच. पुढे १९७४ मध्ये फिल्म लांबवली, तेव्हा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतले ‘डार्क साइड’च्या वेळचे तुकडे आले. त्यातलेही काही प्रसंग खास कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून दाखवलेले.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना एवढं भांडवल खरं तर पुरे होतं. पण बघा, या पॅरिसच्या ठिगळांवरून चाहते कधी फार रागावले नाहीत. दाढीची खूण हसत हसत एकमेकांना सांगतात. रागावले ते २००३ साली.

त्या वर्षी मेबनने स्वतःच डीव्हीडीसाठी ‘डायरेक्टर्स कट’ काढला. त्यात कॉम्प्युटरवर तयार केलेलं पॉम्पेई आलं, अवकाशातली दृश्यं आली, मुलाखती आल्या. मूळ चित्र जवळपास चौकोनी होतं, ते रुंद टीव्हीसाठी वरून-खालून कापलं. आणि चाहते खवळले. का बरं? दोन्हीकडे जोडकामच तर आहे.

मला वाटतं, लोकांनी ‘लाइव्ह’ या शब्दाचा अर्थ नकळत नीट लावलाय. पॅरिसच्या स्टुडिओत का होईना, ते चौघे वाजवतच होते. तिथेही स्टिक निसटू शकत होती. कॉम्प्युटरचा ज्वालामुखी कधी चुकत नाही, आणि तो आला की वाजवणारे हात पडद्यावरून जातात. ‘लाइव्ह’ असायला प्रेक्षक लागत नाहीत, जागाही ठरलेलीच लागते असं नाही. आत्ता, कॅमेऱ्यापुढे, कुणीतरी काहीतरी पणाला लावून वाजवतंय एवढं लागतं. तेच झाकलंत तर लोक चिडणारच.

यावर माझा भाचा म्हणतो, “मावशी, फिल्म मेबनची. त्याला हवं ते त्याने केलं. तुम्ही कोण अडवणारे?” प्रश्न बिनतोड आहे. करणाऱ्याला आपलं काम बदलायचा हक्क आहे, शंभर टक्के. पण तीस वर्षं लोकांनी उराशी धरलेल्या गोष्टीवर लोकांचाही थोडा हक्क तयार होतो. तो बदल अडवायचा नसतो. आधीचं आमच्याकडून काढून घेऊ नका, एवढंच म्हणण्यापुरता असतो. मेबनने ते पाळलं होतं, हेही न्यायाने सांगायला हवं. त्याच डीव्हीडीत मूळची तासाभराची फिल्म जोडीला होती. इथे ही काळजी जास्तच महत्त्वाची, कारण न वापरलेली बरीचशी निगेटिव्हं पुढे नष्ट केली गेली. ‘पुन्हा जोडून बघू’ म्हणायला मागे फारसं उरलंच नाही.

म्हणून २०२५ ची आवृत्ती मला इतकी आवडली. फिल्मची मूळ ३५ मिलिमीटरची निगेटिव्हं बँडच्याच संग्रहात, धड नाव नसलेल्या पाच डब्यांत सापडली. ती फ्रेम-फ्रेम करून साफ केली. २००३ ची भर काढली, ॲबी रोडचा भाग ठेवला. आवाजाचं नवं मिश्रण स्टीव्हन विल्सनने केलं. (हाच विल्सन पॉर्क्युपाइन ट्री घेऊन २००९ साली आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेला होता.) मे महिन्यात डिस्क आली आणि अल्बम ब्रिटनच्या यादीत चक्क पहिला!

तर यावरही दोन तट. एक म्हणतो, वा, आता कुठे बास ऐकू आला. दुसरा म्हणतो, जास्तच लख्ख केलंय, जुनी गूढता गेली. आमचा दादा दुसऱ्या तटात. तो हे वाचणार आहे, त्यामुळे जपून लिहिते. त्याचं म्हणणं, “मी जी बघितली ती ही फिल्म नाहीच.” खरंय त्याचं. त्याने बघितली ती धुरकट होती, हॉस्टेलच्या खोलीत बारा जण दाटीने बसून बघितलेली, ज्यांतले दोघे आता नाहीत. ती फिल्म कुठल्याच डब्यात सापडायची नाही. पण दादा, ती खरखर काही बँडने वाजवलेली नव्हती रे. ती आपल्या कॅसेटची होती. ती आपल्याला प्रिय आहे म्हणून राइटच्या कीबोर्डवर तिची धूळ तशीच राहू द्यावी, असं नाही म्हणता येत. राइट २००८ साली गेला. ‘एकोज’मध्ये तो आणि गिल्मर एकत्र गातात ते आता इतकं स्वच्छ ऐकू येतं की मी दोनदा मागे नेऊन ऐकलं. हे सुख मी गूढतेसाठी सोडणार नाही.

एक आठवण उलट बाजूने. गिल्मर जुलै २०१६ मध्ये पुन्हा पॉम्पेईला गेला, त्याच अँफिथिएटरात, या वेळी प्रेक्षकांसमोर. त्याची फिल्म पुढच्या वर्षी आली. दिवे, लेझर, आतषबाजी, सगळं झकास. जुन्या फिल्ममधलं ‘वन ऑफ दीज डेज’ही त्याने वाजवलं. आईला ही फिल्म नक्की आवडली असती, समोर माणसं आहेत म्हणून. मलाही आवडते. पण ती बघताना मी कॉन्सर्टला गेल्यासारखी होते, आणि १९७१ ची बघताना काम चालू असलेल्या खोलीत हळूच जाऊन बसल्यासारखी. मला दुसरं जास्त हवं असतं. ज्यांना पहिलं हवं त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही.

आणि भांडणाचं म्हणाल तर त्या जागेला ते नवीन नाही. इसवी सन ५९ मध्ये याच अँफिथिएटरात खेळ बघायला आलेल्या पॉम्पेईकरांची आणि शेजारच्या न्यूसेरियाच्या लोकांची अशी जुंपली की माणसं मेली, आणि रोमच्या सिनेटने तिथल्या खेळांवर दहा वर्षं बंदी घातली. त्या मानाने आम्ही दोघं भावंडं फारच सभ्य.

तेव्हा दादा, दिवाळीत ये. डिस्क माझ्याकडे आहे. येताना तुझी ती कॅसेट घेऊन ये, चालणारा व्हीसीआर मी कुठूनतरी पैदा करते. आधी तुझी बघू, मग माझी. आणि तुझी आपण पुसायची नाही, काहीही झालं तरी.